प्रतिक्रियेला उत्तर : क्रोमियम सोडलं आणि शिसं का धरलं

काका, मातीच्या तपासणीवरच्या माझ्या पोस्टला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आमच्या परड्यातल्या मातीच्या रिपोर्टात क्रोमियम शिशापेक्षा जास्त, तरी मी क्रोमियम "मूळचंच" म्हणून सोडलं आणि शिशावरून लोकांना घाबरवलं, एकाला माफी दुसऱ्याला फाशी. शिवाय शिसं अख्ख्या गावात तेवढंच सापडणार, मग भ्यायचं कशाला.

फूटपट्टी वेगळी लावली हे खरं, पण आपला दगडच तसा आहे ओ. बेळगावच्या खाली काळा बेसाल्ट, वर जांभा. बेसाल्टमध्ये किलोला सरासरी 170 मिलिग्रॅमच्या आसपास क्रोमियम असतंय, शिसं जेमतेम 6. ग्रॅनाइटचं उलटं, तिथं शिसं 15-20 आणि क्रोमियम थोडं, म्हणून बेंगळुरूकडचा आकडा इथं लावून चालत नाही. आपल्याकडं क्रोमियम दिसलं तर आधी दगडाकडं बघायचं, शिसं चढलं तर माणसाकडं.

म्हणूनच एकाच जागी दोन नमुने घेतले, एक वरच्या दोन बोटांचा, एक दोन फूट खालचा. क्रोमियम दोन्हीकडं जवळपास सारखं, शिसं वरच जास्त. शिसं पावसानं सहज खाली झिरपत नाही, वरच्या मातीला धरून बसतंय, आणि आमचं परडं मेन रोडला लागून, त्यात जुन्या दाराचा हिरवा ऑइलपेंट (असल्या जुन्या रंगात शिसं असू शकतंय) आज्जी दर दिवाळीला खरवडायची, त्याचे पापुद्रे सगळे तुळशीमागं पडायचे. शिशाचं पेट्रोल 2000 साली देशभर बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं तिथंच आहे.

आणि गावभर पसरलंय म्हणून ते बिनधोक होत नाही काका. माझी पुतणी दोन वर्षांची, त्याच मातीत खेळते आणि हात तोंडात घालते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एका ठिकाणी मात्र तुमचं बरोबर, क्रोमियम मी सरसकट सोडायला नको होतं. क्रोमियमची दोन रूपं असतात: दगडातलं बहुतेक त्रिसंयुजी (Cr-3), प्लेटिंगमधलं, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा देण्याच्या कामातलं, षट्संयुजी (Cr-6), हे दुसरं जास्त विषारी आणि पाण्यातनं विहिरीपर्यंत जाऊ शकतंय, आणि साध्या टेस्टमध्ये दोन्हीची बेरीजच येते. तुमच्या घरामागं प्लेटिंगचं शेड आहे म्हणालात, तर षट्संयुजी क्रोमियमची टेस्ट वेगळी मागून घ्या, मातीची आणि विहिरीच्या पाण्याचीपण. पोस्टमध्ये ही दुरुस्ती आजच टाकतो. रविवारी येळ्ळूरकडं रस्त्यापासून लांबच्या शेतातली माती तुलनेसाठी आणायला जाणार आहे, तुमच्या परड्यातलीपण द्या, एकाच लॅबला पाठवू.