घरी बनवलेली फटाक्यांची दारू आणि नरकासुर : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण जाळतो त्या नरकासुराच्या पुतळ्यावरच्या लेखात मी घरी बनवलेले आगीचे इफेक्ट ऐन वेळी पेटत नाहीत एवढंच लिहिलं, ते हमखास पेटावेत म्हणून दारूत काय मिसळायचं, वातीला काय लावायचं ते गाळलं आणि वर वाड्यावरच्या पोरांना घाबरवलं. ती कृती मी मुद्दामच गाळली आणि आजही देणार नाही, पण का ते सांगायलाच हवं.

तुम्हाला वाटतं वात कमी पडते. पण खरा प्रॉब्लेम आपल्या हवेत आहे. आपल्याकडे पाऊस जेमतेम आवरलेला असतो, कधी चतुर्दशीच्या आदल्या रात्रीही एखादी सर येते, आणि दारूतला कोळसा ही ओल ओढून घेतो. दारूतले क्षार त्या ओलीत विरघळतात, सरकतात आणि सुकल्यावर भलतीकडेच जमतात. गेल्या वर्षीचा राहिलेला मातीचा भुईनळा बघा, कधीकधी तोंडाशी पांढरट पीठ आलेलं असतं आणि दारू कडेने सुटून बारीक चीर पडलेली असते. हाताला सगळं कोरडंच लागतं, पण पेटवल्यावर आग त्या चिरेतून आत जाते, थराथराने जळायची दारू एकदम जळते आणि जो कारंजासारखा उडायचा तो तिथेच फुटतो. म्हणजे वात जोरदार केली तरी चीर तशीच, उलट फुटायची खात्री वाढली.

दुसरं म्हणजे नेटवर लोक जे ‘पटकन पेट घेणारं’ मिश्रण सांगतात ना, त्यात बऱ्याचदा क्लोरेट नावाचं रसायन आणि गंधक एकत्र असतं. हे मिश्रण बनवायला आणि जवळ ठेवायलाही आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे, कारण ते घासलं किंवा ठोकलं गेलं तरी उडतं, काडी लावायची पण गरज नाही, म्हणजे जो भरायला बसलाय त्याच्याच हातात. आणि लायसन नसताना घरी साधी दारू बनवणं हा सुद्धा 1884 च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हाच आहे. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात एप्रिल 2016 मध्ये परवानगी नाकारलेली असताना दारूकाम झालं आणि शंभरावर माणसं गेली. आपल्या जत्रांतही दारूकाम असतं, म्हणून मला हे लांबचं वाटत नाही.

आता नरकासुर. तो पेटत नाही कारण गवत ओलं असतं, वरून चिकटवलेल्या पेपरांची खळ आतून सुकलेली नसते आणि सगळं इतकं दाबून भरतात की हवाच जात नाही. गवत आधी चार-पाच दिवस छपराखाली सुकवा, पोटात पोकळी ठेवा, पायाकडे आणि पाठीला भोकं ठेवा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने खालून लांब काठीला पलिता बांधून पेटवा. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि पेटवणाऱ्याच्या पायाशीच भडका उडतो.

फटाके घालायचेच तर विकतचे, आणि रात्रभर नाचवून झाल्यावर, पहाटे जाळायच्या जागेवर शेवटी. आधी भरून मिरवणुकीत फिरवलात तर एक सिगारेट पुरते. रॉकेट तर नकोच, सांगाडा कलला की ती आडवी माणसांत घुसतात. जो बार फुसका गेला त्याच्याकडे वाकून बघायचं नाही, परत पेटवायचा नाही, निदान वीस मिनिटं लांब थांबायचं, मग लांबूनच पाणी मारून बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचा. पोरं नेमकी इथेच घाई करतात आणि डोळे जातात, म्हणून मी तसं कडक लिहिलं होतं.

तोंडातून धूर हवा असेल तर भाड्याने फॉग मशीन मिळतं. ते गवतात ठेवू नका, आतला हीटर बराच तापतो. मशीन खाली गाड्यावर आणि पाईप गळ्यातून तोंडापर्यंत, जाळायच्या आधी दोन्ही काढून घ्यायचं. डोळ्यांना एलईडी. तुमच्या वाड्यावर यंदा सांगाडा बांबूचा करताय की लोखंडी, आणि उंची किती, ते लिहा, मग पाईप कुठून न्यायचा ते सांगतो.