‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव कातडीवरून पडलेलं नाही, आणि हाका हा शाप नाही

गेल्या शनिवारी माझी भाची स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी राहिली, डोळे वटारले, जीभ बाहेर काढली आणि गळ्यावरून अंगठा फिरवला. "मामा, हा शाप आहे. समोरचा मरतो."

ती तेरा वर्षांची आहे, शाळेच्या रग्बी संघात खेळते. सोमवारी परिपाठात तिला ‘खेळातला एक पराक्रम’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिने निवडले ‘ऑल ब्लॅक्स’, म्हणजे न्यूझीलंडचा राष्ट्रीय रग्बी संघ, आणि सामन्याआधी ते करतात तो हाका, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं, घोष करत केलेलं समूहनृत्य. मजकूर कुठला, तर आजोबांच्या मोबाइलवर आलेला एक फॉरवर्ड. हाच फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसलो. आता तो शाळेच्या माइकवरून दीडदोनशे मुलांच्या कानात जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

फॉरवर्ड थोडक्यात असा: १९०५ साली न्यूझीलंडच्या काळ्या आदिवासींचा रग्बी संघ अनवाणी इंग्लंडला गेला. गोऱ्यांनी कातडीवरून हिणवत त्यांना ‘ऑल ब्लॅक्स’ म्हटलं. सामन्याआधी ते ‘हाका’ नावाचा मृत्यूचा शाप उच्चारत आणि इंग्रज खेळाडू गर्भगळीत होत. सगळेच्या सगळे सामने जिंकून त्यांनी साम्राज्याला गुडघे टेकायला लावले. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक भारतीयाने वाचलंच पाहिजे’.

दौरा ऐतिहासिक होता, एवढं खरं आहे. ३० जुलै १९०५ ला ‘रिमुटाका’ बोटीने वेलिंग्टन सोडलं आणि ८ सप्टेंबरला ही मंडळी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात उतरली. पहिल्याच सामन्यात डेव्हन परगण्याला ५५-४ असं लोळवलं. एकट्या बिली वॉलेसचे २८ गुण. दौरा संपेपर्यंत ३५ सामने, ३४ विजय, ९७६ गुण केले आणि फक्त ५९ दिले. हे आकडे इतके भारी आहेत की त्यांना खोट्याची फोडणी द्यायची गरजच नव्हती.

आता ‘काळ्या आदिवासींचा संघ’. त्या दौऱ्याचे फोटो शोधा आणि चेहरे बघा. बहुतेक सगळे गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलं. कर्णधार डेव्ह गॅलहर आयर्लंडमधल्या डोनेगलच्या रॅमेल्टन गावी जन्मलेला. उपकर्णधार बिली स्टेड यांच्या घराण्यात माओरी रक्त होतं, हे मान्य. पण एवढ्यावरून सगळा संघ माओरी ठरत नाही. आणि साम्राज्याला गुडघे टेकायला लावण्याचं म्हणाल, तर गॅलहर त्याच साम्राज्याचा शिपाई म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढून आला होता, आणि १९१७ साली पहिल्या महायुद्धात पासनडेलच्या रणात त्याच बाजूने लढताना मारला गेला. तो आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा चुलतभाऊ नव्हता.

मग नाव कुठून आलं? एक्सेटरचं ‘एक्सप्रेस अँड एको’ हे वर्तमानपत्र, तारीख १६ सप्टेंबर १९०५, म्हणजे डेव्हनच्या सामन्याचाच दिवस. त्यात बातमीदाराने सरळ लिहून ठेवलं आहे की अंगावरच्या नखशिखांत काळ्या पोशाखामुळे यांना ऑल ब्लॅक्स म्हणतात. काळी जर्सी, काळी चड्डी, काळे मोजे, छातीवर तेवढा रुपेरी नेचा, म्हणजे फर्नचं पान. कातडीचा उल्लेखही नाही.

हाच अंक दुसऱ्या एका गोष्टीचाही निकाल लावतो. मी ग्रुपवर आक्षेप घेतल्याबरोबर आतेभावाने शहाणपण शिकवलं: "अरे, ती छपाईची चूक होती. पत्रकाराने ‘ऑल बॅक्स’ लिहिलं, म्हणजे सगळेच बॅक्ससारखे, मागच्या फळीतल्या चपळ खेळाडूंसारखे, पळतात. खिळे जुळवणाऱ्याने मध्ये एक ‘एल’ घातला." ही गोष्ट जगभर फिरते, आणि ती उडाणटप्पूंची नाही हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. खुद्द वॉलेस ती सांगायचे, आणि ते त्या संघात होते. पण त्यांच्या सांगण्यात ही चूक हार्टलपूलच्या सामन्यानंतरची आहे, जो न्यूझीलंडने ६३-० असा जिंकला. तो सामना झाला ११ ऑक्टोबरला. एक्सेटरच्या अंकात नाव छापून आलं त्याला तोवर जवळजवळ चार आठवडे झाले होते. बारसं आधी आणि जन्म नंतर, असं होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत महिने इकडचे तिकडे होतात. त्यांचा मान राखूनही तारखेपुढे आठवण टिकत नाही.

माझा खरा संताप या फॉरवर्डने काय पुसलं यावर आहे. कारण माओरींचा संघ इंग्लंडला गेला होता. फक्त तो १९०५ चा नव्हता. १८८८-८९ साली ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ नावाचा २६ जणांचा संघ निघाला, त्यात बहुतेक सगळे माओरी किंवा माओरी वंशाचे, कर्णधार जो वॉरब्रिक. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि परत, असे वर्षाहून जास्त काळ त्यांनी रग्बीचे १०७ सामने खेळले. ७८ जिंकले, ६ बरोबरीत सोडवले. त्यांच्या अंगावर काळी जर्सी आणि रुपेरी नेचा होता. ब्रिटनच्या मैदानांवर हाका त्यांनी आधी केला. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ऑल ब्लॅक्सची आज सगळी ओळख उभी आहे, त्या दोन्ही या लोकांनी १७ वर्षं आधी तिथे नेल्या होत्या.

आणि त्यांना मिळालं काय? १६ फेब्रुवारी १८८९, ब्लॅकहीथ, सामना इंग्लंडशी. इंग्लंडचा अँड्र्यू स्टोडार्ट चेंडू घेऊन पळताना पकडला गेला आणि ओढाताणीत त्याची चड्डी फाटली. लोकांसमोर त्याची अब्रू जाऊ नये म्हणून माओरी खेळाडूंनी खेळ थांबवून त्याच्याभोवती कडं केलं. चेंडू तिथेच पडलेला. इंग्लंडच्या एकाने तो उचलला, धावत गेला आणि गोलरेषेपलीकडे टेकवला. पंचांनी ट्राय, म्हणजे गुण, दिला. पंच कोण, तर इंग्लंडच्या रग्बी युनियनचेच सचिव रोलंड हिल. काही नेटिव्ह्ज चिडून मैदान सोडून गेले, तर युनियनने उलट त्यांच्याकडूनच माफी लिहून मागितली आणि जाताना साधा निरोपसमारंभही केला नाही. समोरच्याची लाज राखायला गेलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. परिपाठात सांगायची तर ही सांगा.

याच संघात टॉम एलिसन होता, पेशाने पुढे वकील झाला. १८९३ साली न्यूझीलंड रग्बी युनियनच्या सभेत काळी जर्सी आणि रुपेरी नेचा हाच राष्ट्रीय पोशाख असावा, हा ठराव त्याने मांडला. पोशाखावरून नाव पडलं आणि पोशाख एका माओरीने सुचवला. १९०४ साली एलिसन वारला. नाव गाजलेलं त्याने पाहिलं नाही.

पुढचं तर आणखी कडू आहे. १९२४-२५ च्या दौऱ्यात १९ वर्षांचा माओरी मुलगा जॉर्ज नेपिया सगळे ३२ सामने खेळला. १९२८ साली संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला तेव्हा त्याच नेपियाला घरी ठेवलं, कारण तिथल्या गोऱ्या राजवटीला माओरी नको होते आणि न्यूझीलंडच्या युनियनने मान तुकवली. १९४९ ला तेच, १९६० ला तेच. १९६० साली ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ म्हणत दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तरी संघ गेलाच. न्यूझीलंडच्या युनियनला माफी मागायला २०१० साल उजाडावं लागलं. ज्या संघाने माओरींना रंगावरून वगळलं, त्याच संघाला ‘काळ्यांचा संघ’ म्हणून डोक्यावर घेता, तेव्हा त्या वगळलेल्यांचा दुसऱ्यांदा अपमान होतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. परिणाम हा आहे.

आता शाप. १९०५ च्या संघाने केलेला हाका म्हणजे ‘का माते’, आणि तो रचला न्गाती तोआ जमातीचा सरदार ते राउपराहा याने, साधारण १८२० च्या सुमारास. शत्रू मागे लागले होते. एका दुसऱ्या सरदाराने त्याला रताळी साठवायच्या खड्ड्यात लपवलं. आपल्याकडे धान्याचं पेव असतं ना, तसा खड्डा. खड्ड्याच्या तोंडावर त्या सरदाराची बायको, ते रांगिकोआएआ, बसून राहिली. मंत्र पुटपुटत होते ते पाठलाग करणारे. ते निघून गेल्यावर हा अंधारातून वर उजेडात आला आणि त्याच्या तोंडून जे निघालं त्याचा भाव असा: आता मेलो, आता मेलो, नाही, जगलो, जगलो, आणि ऊन पडलं. जीव वाचलेल्या माणसाचा हर्ष आहे हा. न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ साली कायदा करून या रचनेचं श्रेय ते राउपराहाला दिलं आहे. एका जमातीच्या पूर्वजाची आठवण तुम्ही करणीधरणीत नेऊन बसवता, हे बरं नव्हे.

गळ्यावरून अंगठा फिरवणं ‘का माते’मध्ये नाही. ते २००५ साली आलेल्या ‘कापा ओ पांगो’ या नव्या हाकात होतं, आणि त्यावरून गदारोळही झाला. रचणाऱ्याने अर्थ सांगितला तो हृदयात आणि फुप्फुसात प्राण खेचून घेण्याचा. बघणाऱ्याला वेगळंच वाटतं, हे मला पटतं. पण १९०५ शी त्याचा काही संबंध नाही. आणि गर्भगळीत म्हणाल, तर कार्डिफला हाका झाल्यावर वेल्सच्या खेळाडूंनी राष्ट्रगीत सुरू केलं आणि अख्खं मैदान त्यात मिसळलं.

त्याच कार्डिफला, १६ डिसेंबर १९०५ ला, वेल्सने त्यांना ३-० असं हरवलं. म्हणजे ‘सगळे सामने जिंकले’ हेही गेलं. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय पंचांनी नाकारला. त्याने ‘डेली मेल’ला तार करून सांगितलं की चेंडू रेषेपलीकडे सहा इंच टेकला होता. वाद आजही मिटलेला नाही, पण निकाल तोच आहे. सगळे जिंकणारा संघ १९२४-२५ चा, नेपियाचा.

अनवाणी? उपकर्णधार स्टेड इन्व्हरकार्गिलमध्ये बूट बनवण्याचाच धंदा करत. अनवाणी खेळाची गोष्ट बहुतेक १९११ च्या मोहन बागानवरून इकडे चिकटली असावी. ती कोलकात्याची, फुटबॉलची आणि आपली आहे. तिथेच राहू द्या.

रविवारी रात्री मी हे सगळं भाचीला सांगितलं. तिने फॉरवर्डवरून उतरवलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पहिल्या ओळीत लिहिलं, ‘चड्डी फाटली तेव्हा’. मग पेन थांबवून विचारलं, "मामा, बाई हसतील का? वॉरब्रिक कसं लिहायचं?"