‘आधी डंपर थांबवा’ म्हणणाऱ्यांना

रावेर तालुक्यातल्या एका शाळेत माझा भाचा चित्रकला शिकवतो. जानेवारीत सातवी-आठवीच्या मुलांना तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायचं, दिवसभर काठावर बसवायचं आणि पाण्यातले पक्षी, पलीकडची केळीची रेघ, मागचा सातपुडा हे सगळं जलरंगात काढून घ्यायचं, असा बेत त्याने गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कागद आणि ब्रशसाठी थोडी वर्गणी मागितली. एवढ्यावरून जे रान पेटलं ते अजून विझलेलं नाही. माझ्या वर्गातला एक जण, आज चांगला केळी बागायतदार आहे, त्याने लिहिलं, “चित्रं काढून पक्षी वाचत असते तर काय पाहिजे होतं! आधी वाळूचे डंपर थांबवा.” दुसऱ्याने विचारलं, मोबाईलमध्ये एका सेकंदात फोटो निघतो, मग पोरांचे तास कशाला वाया घालवता? तिसऱ्याला दहावीला याचे वाढीव गुण मिळणार का, एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी स्कॉटलंडला राहते, समुद्रपक्षी रंगवते. तिथून भाच्याच्या बाजूने चार ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं, “ताई, तुम्ही तिकडे समुद्राचे पक्षी रंगवा. तापीचं आमचं आम्ही बघून घेऊ.”

हे मला लागलं. ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

डंपरचा मुद्दा खोटा नाही, उलट तोच सगळ्यात खरा आहे. गिरणेचं पात्र कसं खरवडलं गेलं ते जळगाव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, आणि तापीचीही त्यातून सुटका नाही. नदी सुरय हा पक्षी घरटं बांधत नाही. नदीतल्या वाळूच्या बेटावर नुसता उथळ खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. वाळू गेली की त्याची पुढची पिढी गेली. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत तो २०२० पासून ‘असुरक्षित’ गटात आहे. हे सगळं मान्य. पण ग्रुपवरच्या त्या दीडशे जणांपैकी किती जणांनी सुरय पाहिला आहे? पाहिला असेलही, पण ‘तो पांढरा पक्षी’ म्हणून. जो पक्षी गावाने कधी धड पाहिलेलाच नाही, तो नाहीसा झाला तर तक्रार कोण करणार? डंपर अडवायला माणूस उभा राहायचा असेल तर त्याच्या मनात आधी त्या वाळूवरचं काहीतरी असावं लागतं. हतनूर आपल्याला आठवतं ते पावसाळ्यात एकेचाळीस दरवाजे उघडल्याचा फोटो पेपरात येतो तेव्हा, नाहीतर हिवाळ्यात भरीत पार्टी असते तेव्हा.

आता भरिताचा विषय निघालाच आहे तर विचारते. बामणोदची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, यात अर्धा दिवस जातो. गॅसवर पंधरा मिनिटांत होईल, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणतं का? म्हणून तर बघा, पंगतीतून उठवतील. चित्राला लागणारा वेळ मात्र सगळ्यांना खुपतो.

‘आधी हे करा, मग ते’ या म्हणण्याला आमच्या फैजपूरनेच एकदा उत्तर दिलं आहे. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं आणि अधिवेशनाचं नगर गावात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या साहित्यातून उभं करून घेतलं. स्वातंत्र्य मिळायला अजून अकरा वर्षं होती. आधी इंग्रज घालवू, मग सजावटीचं बघू, असं गांधीजी म्हणाले नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसं त्या अधिवेशनाबद्दल बोलायची तेव्हा भाषणांइतकंच तिथल्या बांबूच्या कमानींबद्दल बोलायची.

मी राहते ते नॉर्थ बेरिकला, एडिनबर्गहून अर्ध्या तासाच्या गाडीवर. खिडकीतून बास रॉक दिसतो. किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर समुद्रात उभा असलेला शंभर मीटर उंचीचा ज्वालामुखीचा सुळका. उन्हाळ्यात तो पांढरा होतो. त्यातला थोडा पांढरेपणा विष्ठेचा, बाकीचा गॅनेट नावाच्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचा. समुद्रावरचं दाट धुकं, इथल्या भाषेत ‘हार’, आलं की सुळका नाहीसा होतो आणि नुसता त्यांचा कलकलाट ऐकू येतो. गॅनेटच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी ही एक आहे. फेब्रुवारीत पक्षी येतात, ऑक्टोबरपर्यंत जातात, आणि मधल्या महिन्यांत आमच्या गावातला निम्मा बंदर कट्टा स्केचबुक घेऊन बसलेला असतो. निवृत्त पोस्टमन, दाताची डॉक्टर, शाळेची मुलं. त्यांना कुणी विचारत नाही की याने काय होणार आहे.

फोटोवाल्यांना एक गोष्ट सांगते. गॅनेट दिसायला पांढरा, पण जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. कागद कोरा सोडायचा आणि पक्ष्याच्या भोवतीचं आकाश, अंगावरची सावली एवढंच रंगवायचं. म्हणजे पक्ष्याचा पांढरा कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे आधी डोळ्यांनी पक्कं करावं लागतं, कारण एकदा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, पडला की मागे फिरता येत नाही. छातीखालची सावली कोबाल्ट निळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना मिसळून येते. डोकं यलो ऑकरचं, तेही ओल्या कागदावर सोडायचं, म्हणजे मानेपाशी ते आपोआप विरत जातं. शेवटी डोळा. फिकट निळसर बुबुळ आणि त्याभोवती गडद निळं बारीक कडं. हा रंग मी इतक्या वेळा कालवला आहे की हात आपोआप तिकडे जातो.

२०२२ च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू आला. वाळूवर मेलेले गॅनेट सापडू लागले आणि बास रॉकच्या पांढऱ्यात काळे डाग दिसू लागले. ती पक्ष्यांविना रिकामी पडलेली दगडाची जागा होती. पुढच्या वर्षी बोटीतून फेरी मारताना मी दुर्बीण लावली, ब्रशवर नेहमीचा निळा घेतला, आणि समोरच्या पक्ष्याचा डोळा काळा होता. सावलीमुळे नाही. बुबुळच काळं. थोड्या अंतरावर दुसरा, त्याचं बुबुळ निम्मं निळं आणि निम्मं काळ्या ठिपक्यांचं. शास्त्रज्ञांच्या हे आधीच लक्षात आलेलं होतं. त्यांनी पक्षी पकडून रक्त तपासलं, तर रोग होऊन गेल्याची खूण मुख्यतः या काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांतच मिळाली. म्हणजे ते वाचलेले होते. बोटीवर आमच्याबरोबर लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली बरीच माणसं होती. त्यांच्याकडे त्या दिवशी शेकड्यांनी फोटो जमा झाले असतील. डोळ्याबद्दल बोलत होतो ते आम्ही रंगवणारेच, कारण तो रंग आम्हाला कालवायचा होता.

२०१४ मध्ये या खडकावर पंच्याहत्तर हजारांहून अधिक जागांवर गॅनेट बसलेले मोजले होते. २०२३ च्या मोजणीत बावन्न हजारही भरले नाहीत. आकडा वाचला की हळहळ वाटते. पण तो डोळा बदललेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यानंतर या खडकाबद्दल कुठेही सूचना-हरकती मागवल्या की मी पत्र लिहायला बसते. माझ्याबरोबर बसणारी इतर मंडळीही लिहितात.

इथल्या लोकांकडे पैसा आहे, सवड आहे, म्हणून त्यांना हे सुचतं, असंही ग्रुपवर एकाने म्हटलं. इथल्या लोकांनी काय काय केलं आहे तेही सांगते मग. उडता न येणारा मोठा ऑक नावाचा पक्षी या समुद्रातून त्यांनी मारून संपवला, १८४४ मध्ये आइसलंडजवळ शेवटची जोडी गेली. यॉर्कशरच्या कड्यांवर बोटीतून बंदुकीने समुद्रपक्षी टिपणं ही सहल होती, टोप्यांना पिसं लागत होती. ते इतकं वाढलं की १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि पफिनसारखे पक्षी ज्या बोटभर सँडईल माशांवर जगतात, त्यांची कारखान्यांसाठीची मासेमारी स्कॉटलंडच्या पाण्यात आणि इंग्लंडच्या उत्तर समुद्रात थांबली ती आत्ता, २०२४ मध्ये. हे मासेही समुद्रतळाच्या वाळूत राहतात. इथेही लढाई वाळूचीच म्हणायची. चित्रांनी ही मासेमारी थांबवली असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षांची मोजणी, कोर्टकचेरी, दबाव, सगळं लागलं. पण दबाव टाकणाऱ्या माणसांना पफिन चोचीत किती मासे आडवे धरून येतो हे ठाऊक होतं.

शिवाय बघण्याची गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे, आणि तीही खान्देशातच. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, संपलाच असं धरून चालले होते. मधल्या काळातली एक नोंद होती, ती एका संग्राहकाने लबाडीने घुसडलेली निघाली. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून तपासले, खरे कोणते आणि खोटे कोणते ते वेगळं काढलं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात दोन सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात आली. निष्पर्ण झाडावर पिंगळा बसलेला दिसला. आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठिपके नाहीत, पाय पांढऱ्या पिसांचे, शेपटीवर जाड पट्टे. एकशे तेरा वर्षांनी ओळख पटली ती या तीन-चार खुणांवर. सातपुड्यातल्या आदिवासींनी तो पक्षी रोज पाहिला असेल. आपण शहाद्याचे, धुळ्याचे, जळगावचे शिकलेले लोक मात्र त्याच्याकडे बघत नव्हतो. अमेरिकेहून बाई आली तेव्हा कळलं. मला अजूनही याची खंत वाटते.

आणि आता त्या ‘तुम्ही तिकडे रंगवा’बद्दल. मी या गावात आले तेव्हा बंदरावर पहिल्यांदा कागद उघडून बसले, तर शेजारच्या बाईंनी स्वतःच्या फ्लास्कमधला चहा पुढे केला आणि गॅनेट सूर मारताना पंख कसे मागे घेतो ते हाताने करून दाखवलं. तू कुठली, तुला इथल्या पक्ष्यांचं काय, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. विचारलं ते माझ्या गावाने. जिथे माझी नाळ पुरली आहे तिथे मला सांगितलं गेलं की नदी आता तुझी नाही. मतदार यादीत नाव नाही, शेत भावाच्या नावावर आहे, दोन वर्षांतून एकदा येते तीही लग्नकार्याला. कागदोपत्री त्यांचं बरोबर असेल. पण खिडकीत बास रॉक असताना मला भुसावळचा पूल ओलांडताना दिसणारं तापीचं पात्र आठवतं, दुपारचं, पांढरं, मधोमध निळी रेघ असलेलं, आणि ते मी कितीही वेळा काढलं तरी साधत नाही. उत्तर समुद्राचा करडा रंग हाताला सवयीचा झाला आहे. तापीच्या वाळूचा रंग कोणता, हे मला इथे बसून ठरवता येत नाही, कारण तो नुसता पिवळा नाही, उन्हात गुलाबीकडे झुकतो की करड्याकडे, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. तिथे बसायला मी नाही. म्हणून ती मुलं बसावीत असं मला वाटतं, आणि याला कुणी लुडबुड म्हणत असेल तर म्हणू दे.

कागदाचे पैसे मी भाच्याला पाठवले आहेत. त्यालाही सांगितलं, तीनशे ग्रॅमचाच घे, पातळ कागद पाण्याने वळतो आणि मुलं हिरमुसतात. रंग आपले कॅमलचे पुरेत. जानेवारीत चक्रवाक असतील, लालसरी असतील, त्यांचे रंग भडक असल्याने मुलांना ते आधी काढावेसे वाटतील, काढू देत. पण प्रत्येकाने एक तरी सुरय काढावा. तेव्हा त्याचं डोकं करड्या-पांढऱ्या ठिपक्यांचं असेल, चोचीचं टोक काळपट. मार्चमध्ये त्याच मुलांना पुन्हा न्यावं. डोक्यावर काळी कुळकुळीत टोपी आलेली दिसेल, चोच पिवळीजर्द, पाय लाल. तोवर ऊन इतकं तापलेलं असेल की वॉश कागदावर पसरायच्या आत सुकेल, म्हणून सकाळी सातलाच बसावं आणि नऊला आवरावं. आणि बसावं काठावरच, बेटावर पाय ठेवू नये. माणूस जवळ आला की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात.