दसऱ्याची झाडलोट घरात करा, बागेत नको

दसरा जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. पावसात माजलेलं सगळं कापा आणि पाला पेटवा, नाहीतर साप-डास होतात. फुलपाखरं हवीत तर घाणेरी लावा, देशी झुडपं म्हणजे तण. बांडगूळ दिसलं की तोडा. यातलं बांडगुळाचं तेवढं अर्धं खरं आहे.

आधी पाला. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कोरड्या पाल्यात नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि पक्ष्यांचं पाणी दर दोन दिवसांनी घासून बदला. सापाची भीती मात्र खोटी नाही, घोणस पाल्यात दडते. त्यावर उपाय असा: भिंतीपासून दोन मीटर आणि चालायची वाट स्वच्छ ठेवा, उष्टं-खरकटं टाकून उंदीर बोलावू नका, पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. बाकी वाफ्यांत पाच-सात सेंटिमीटर थर राहू द्या, खोडाला मात्र चिकटवू नका, साल कुजते. उसाचं पाचट जाळू नका, सरीतच ठेवा, हे आपल्याकडे शेतकऱ्याला वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. मग ऑक्टोबरच्या उन्हात बागेची माती उघडी का पाडायची? शिवाय त्या पाल्यात आणि काटक्यांवर कोष असतात. पेटवला की पुढची पिढीच जळते.

वाळलेलं गवतही लगेच उपटू नका. मुनिया पक्ष्यांचं खाणं त्याच्या बियांवर चालतं. पोकळ किंवा भेंडाच्या काड्या मुळापासून न काढता तीस-चाळीस सेंटिमीटरवर छाटा, त्यांत लहान एकट्या मधमाश्या घर करतात. जमिनीत बिळं करणाऱ्या मधमाश्यांसाठी मीटरभर जागा पाल्याविना मोकळी ठेवा.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण मध प्यायला. त्यांच्या अळ्या ती खात नाहीत, आणि तिची फळं बुलबुल खाऊन बी रानात नेऊन टाकतात. फुलपाखरू टिकायला अळीचं झाड लागतं. कढीपत्ता आणि लिंबू हे घरोघरी असतातच, त्यांवर मॉरमॉन आणि लिंबाळी ही फुलपाखरं वाढतात. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर धोका, तेव्हा ती मुलांच्या वाटेवर नको. कोरांटी लावाच: याच दिवसांत फुलते, तिच्या पानांवर लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या पोसतात आणि दहा-पंधरा सेंटिमीटरची काडी ओल्या मातीत सहज लागते. तिचं बी पिकलं की तडकून उडतं, म्हणून बोंड तपकिरी होऊ लागताच कापडी पिशवी बांधा.

या ऋतूचं सगळ्यात कामाचं झाड मात्र ताग. हिरवळीच्या खतासाठी बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. ऑगस्टअखेर मूठभर पेरलं की दसरा-दिवाळीच्या सुमारास पिवळी फुलं येतात आणि मोठे काळे भुंगे त्यांवर तुटून पडतात. शेतात ताग फुलोऱ्यावर येताच गाडतात, बागेत तसं करू नका. शेंगांत पी ब्लू फुलपाखराच्या अळ्या वाढतात. वाळत चाललेल्या ताटांवर निळा वाघ (ब्लू टायगर) फुलपाखराचे नर जमतात, कारण मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करायला लागणारी द्रव्यं त्यांना तिथे मिळतात. ताटं महिनाभर उभी ठेवा.

पानं कुरतडलेली दिसली म्हणून निंबोळी तेल फवाराल तर आपणच बोलावलेल्या अळ्या माराल. रुई-कोरांटीचं झुडूप अर्धं खाल्लं गेलं तरी पुन्हा फुटतं.

बांडगुळाचं म्हणाल तर, फळाच्या आंब्यावर असेल तर जिथे चिकटलंय त्याच्या थोडं खालून फांदीच कापा. नुसतं ओरबाडलं तर परत येतं. मोठ्या, निरोगी झाडावरचा एखादा झुबका मात्र राहू द्या. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात आणि त्याची चिकट फळं फुलटोचा पक्षी खातो.