यलोमॅन रॅपर की नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. जमैकाचा गायक यलोमॅन याच्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मोकळेपणाने नापसंती कळवलीत, त्याबद्दल आभार. तुमचे मुख्य आक्षेप तीन आहेत. मी त्याला रॅपर, म्हणजे तालावर यमकं बोलणारा, म्हटलं; तुमच्या मते तो रॅपर नाही, जमैकाच्या रेगे संगीतातला आहे. लोक त्याला ऐकायला नव्हे, त्याची पांढरी कातडी बघायला जमायचे. आणि इतक्या अश्लील गाण्यांचं कौतुक कशाला?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. जमैकात त्याला कुणी रॅपर म्हणत नाही, ‘डीजे’ म्हणतात, आणि हे मी लेखातच सांगायला हवं होतं. तिथे तबकड्या लावणारा तो ‘सिलेक्टर’. डीजे म्हणजे माईकवर बोलणारा. रेकॉर्डच्या एका बाजूला पूर्ण गाणं असतं, दुसऱ्या बाजूला गायकाचा आवाज काढून टाकलेलं तेच गाणं, बरेचदा नुसते ड्रम आणि बेस. याला ‘व्हर्जन’ म्हणतात. सिलेक्टरने तबकडी उलटी केली की त्या मोकळ्या जागेत डीजे यमकं जुळवत सुटतो. यू-रॉय या डीजेने १९७० मध्ये हेच रेकॉर्डवर आणलं आणि जमैकाला वेड लावलं. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये जन्मलेला कूल हर्क १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या ब्राँक्स भागात त्याने तबकड्या वाजवलेल्या पार्टीपासून हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताचा, इतिहास मोजतात. पुढे यलोमॅनच्या ‘झुंगुझुंगुगुझुंगुझेंग’ची चाल ब्राँक्सच्याच बूगी डाउन प्रॉडक्शन्स या रॅप गटाने उचलली. मग त्याला रॅपवाल्यांच्या घरातला म्हटलं तर काय बिघडलं?

दुसरा आक्षेप मात्र मला लागला. विन्स्टन फॉस्टर हे त्याचं खरं नाव. जन्मतः अल्बिनो, त्वचेत रंगद्रव्यच नाही. जमैकात अशा माणसाला ‘डंडस’ म्हणून हिणवतात. आईबापांचं छत्र नाही, वाढला किंग्स्टनच्या अनाथाश्रमांत. त्यातल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये ख्रिस्ती नन मुलांना सांभाळत. त्या शाळेच्या बँडमधून डॉन ड्रमंड आणि टॉमी मॅकूकसारखे वादक निघाले होते, पण या पोराला आश्रमातली पोरंसुद्धा जवळ करत नसत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेस्टी या पॅटी (सारण भरलेली खारी) विकणाऱ्या कंपनीच्या गाण्याच्या स्पर्धेत तो चमकला, मग एसेस नावाच्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या मंडळीसोबत, गाऊ लागला.

कातडी बघायला माणसं एकदा येतील, फार तर दोनदा. तिथली गर्दी पैसे मोजून येते आणि कंटाळली की तोंडावर सांगते. त्याला मात्र लोक पुन्हा पुन्हा बोलवत राहिले. आणि त्याने केलं काय, तर ज्या रंगावरून शिव्या खाल्ल्या तोच पिवळट रंग ‘यलो’ म्हणून नावात घेतला, पिवळाजर्द सूट शिवला आणि माईकवर सांगू लागला की बायका माझ्यावर जीव टाकतात. ज्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते तो माणूस हे हजार लोकांसमोर म्हणतोय आणि ते हजार लोक ओरडून दाद देताहेत! ही बढाई मला फार मोठी वाटते.

‘लाइव्ह ॲट एसेस’ हा १९८२ चा अल्बम ऐका. स्टुडिओ नाही, चालू नाचातलं रेकॉर्डिंग आहे. सोबत फॅटहेड नावाचा जोडीदार. यलोमॅनची ओळ संपत आली की तो शेवटचा शब्द उचलतो, मध्येच बेडकासारखं ‘रिबिट’ करतो, डुकरासारखं ‘ऑइंक’ करतो. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसा. यलोमॅन श्वास घेतो तेवढ्यात हा खिंड लढवतो आणि गर्दीचा आवाज दोघांच्याही वर चढतो. ते ऐकताना मला एकदाही कातडी आठवली नाही.

अश्लीलतेचं म्हणाल तर आहे, भरपूर आहे. तिथे त्याला ‘स्लॅकनेस’ असा शब्दच आहे. बायकांबद्दलच्या त्याच्या कित्येक ओळी मला आवडत नाहीत, त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण तेवढ्यावरून अख्खा माणूस निकालात काढू नका. पोलिसांच्या खास पथकावरचं ‘ऑपरेशन रॅडिकेशन’ त्याचंच. १९८० च्या निवडणुकीत शेकडो माणसं मारली गेली होती, जनरल एको हा गाजलेला डीजे त्याच वर्षी पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. अशा काळात हे गाणं म्हणायला छाती लागते.

जाता जाता तुम्ही असंही लिहिलंत की अमेरिकन कंपनीने मोठा केला म्हणून तो मोठा. क्रम उलटा आहे. सीबीएस या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने ‘किंग यलोमॅन’ हा अल्बम काढला १९८४ मध्ये. तोवर जमैकाच्या नाचांमध्ये तो कधीच राजा झाला होता. कंपनीशी संबंध फार टिकला नाही, गल्लीशी टिकला. कॅन्सरने त्याचा जबडा कापावा लागला, चेहऱ्याची ठेवणच बदलली. माईक धरणाऱ्या माणसाचा जबडा! तरी तो परत उभा राहिला आणि गायला. २०१८ मध्ये जमैका सरकारने त्याला ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन हा राष्ट्रीय सन्मान दिला.

‘डीजे’ शब्दाचा खुलासा मी आजच मूळ लेखात घातला आहे, तुमच्यामुळे. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मी माझ्या जागी ठाम आहे. एसेसचं ते रेकॉर्डिंग ऐकून झालं की पुन्हा जरूर लिहा, मी वाट बघतो.