विमानाच्या पोटातला माल आणि आपल्या विमानतळांच्या मागण्या

महाराष्ट्रात एखाद्या जिल्ह्यात विमानतळ होणार अशी घोषणा झाली की त्यावरची सगळी चर्चा प्रवाशांभोवती फिरते. मुंबईला रोज किती विमाने सुटतील, दिल्लीला थेट सेवा मिळेल का, तिकीट किती पडेल, असे प्रश्न स्थानिक वृत्तपत्रांपासून विधानसभेपर्यंत विचारले जातात. त्या विमानाच्या पोटात काय जाईल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी निर्यातीच्या मालासाठी विमानांत जागा मिळवून देण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे मत एकांगी वाटेल, याची मला कल्पना आहे. तरीही ते मांडतो, कारण प्रवासी वाहतूक आणि मालवाहतूक हे दोन वेगळे उद्योग आहेत, हा समजच मुळात चुकीचा आहे.

आपण ज्या आसनावर बसतो, त्याच्या खाली बॅगांसोबत औषधे, सुटे भाग, हिरे, फुले आणि ताजी भाजी प्रवास करत असते. या धंद्यात त्या जागेला ‘बेली’ म्हणतात. कोविडपूर्वी जगातील हवाई मालापैकी ढोबळमानाने निम्मा माल असा प्रवासी विमानांच्या बेलीतून जात होता. वजनाने पाहिले तर जागतिक व्यापाराचा एक टक्काही विमानाने जात नाही, पण मूल्याने पाहिले तर हा वाटा सुमारे ३५ टक्के मानला जातो. २३ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबवली, इतर देशांनीही तेच केले, आणि प्रवासी घरी बसताच मालाचीही जागा गेली. मागणी होती, विमाने उभी होती, आणि दर कित्येक पटींनी वाढले. तेव्हा काही कंपन्यांनी रिकाम्या आसनांवर खोकी बांधून विमाने उडवली. एरवी प्रवाशांच्या तिकिटांनी मालाचे भाडे किती आटोक्यात ठेवलेले असते, हे त्या काळात प्रत्येक निर्यातदाराला कळले.

बेलीतल्या मालाला मात्र घरात पाहुण्यासारखे राहावे लागते. विमानाने किती वजन उचलायचे याची मर्यादा ठरलेली असते, त्यात आधी इंधन, मग प्रवासी, मग त्यांच्या बॅगा आणि उरलेल्या वजनात माल. समोरून वारा जोराचा असेल तर इंधन जास्त घ्यावे लागते. उन्हाळ्यात हवा विरळ झाली की त्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येते. दोन्ही वेळी ‘ऑफलोड’ होतो, म्हणजे उतरवला जातो, तो मालच. भाड्याचा हिशेबही केवळ वजनावर होत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ६,००० ने भागले की जो आकडा येतो, तो आणि काट्यावरचे किलो यांपैकी जो मोठा असेल, त्यावर भाडे लागते. म्हणून गुलाबाची पेटी हलकी असूनही महाग पडते.

याहून महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. गेलेला प्रवासी बहुतेक वेळा परत येतो, माल कधीच परत येत नाही. त्यामुळे प्रवासी विमान दोन्ही दिशांना भरते, पण फक्त मालासाठी असलेल्या विमानाला, म्हणजे फ्रेटरला, परतीचा माल वेगळा शोधावा लागतो, आणि तो नसेल तर तिसऱ्या शहरातून वळसा घालून यावे लागते. ज्या गावाकडे निर्यातीचा माल भरपूर आहे, पण आयातीचा काहीच नाही, तिथे फ्रेटर का टिकत नाही, याचे उत्तर बहुतांशी इथे आहे.

मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण (किडीच्या बंदोबस्तासाठी किरणोत्साराची) प्रक्रिया करून अमेरिकेला पाठवलेल्या आंब्याच्या १५ खेपा कागदपत्रांतील त्रुटींमुळे तिथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. माल परत आणा किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे होते, आणि त्यांनी तो नष्ट केला, कारण परतीचे भाडे देऊन नासत चाललेला आंबा आणण्यात काही अर्थ नव्हता. फळात दोष नव्हता. विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी नव्हे, तर तपासणी, दाखला, शीतगृह आणि सही करणारा अधिकारी यांची साखळी असते, आणि तिच्यातला एक कागद चुकला तरी सगळे मुसळ केरात जाते.

सगळा शेतमाल विमानाने जावा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. नाशिकची द्राक्षे योग्य तापमानात काही आठवडे टिकतात, म्हणून ती न्हावाशेवा बंदरातून वातानुकूलित कंटेनरमध्ये युरोपला जातात आणि तेच शहाणपणाचे आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधील गुलाबांना व्हॅलेंटाइन दिनाच्या आधी युरोपला पोहोचायचे असेल, तर विमानाला पर्याय नाही. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसचेही तेच. काय उडवायचे आणि काय बोटीने पाठवायचे, हे मालाच्या आयुष्यावर आणि किमतीवर ठरते, राजकीय भाषणावर नाही.

आता सिंधुदुर्गाचे उदाहरण पाहा. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला आणि देवगड-मालवणचा आंबा आता थेट उडेल, अशी भाषा ऐकू आली. प्रत्यक्षात तिथे आली ती मुख्यतः सत्तरेक आसनांची एटीआर ७२ विमाने. सर्व आसने भरली आणि बॅगा चढल्या की त्यात व्यापारी मालासाठी फारसे काही उरत नाही. याउलट बोईंग ७७७-३०० ईआर हे विमान पूर्ण प्रवासी घेऊनही साधारण २० टन माल नेऊ शकते. ‘उडान’ योजनेतील तूट भरून देणारे अनुदानही एका मार्गाला तीन वर्षांपुरतेच मिळते, त्यामुळे तेवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर सेवा डळमळते. चिपीचे विमान मुंबईकर चाकरमान्याला गणपतीत उपयोगी आहे, ते असावेच, पण देवगडची पेटी अजूनही ट्रकने वाशीला आणि तिथून मुंबईच्या सहार विमानतळावर जाते, हेही मान्य करावे.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्ड लशीचे ट्रक निघाले आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून चार कंपन्यांच्या ९ उड्डाणांतून ५६.५ लाख डोस १३ शहरांकडे रवाना झाले. देशांतर्गत मालासाठी पुण्याच्या विमानसेवेचे जाळे किती उपयोगी आहे, हे त्या दिवशी दिसले. पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि सुमारे अडीच हजार मीटर लांबीची आहे. दूरच्या पल्ल्याची, पूर्ण भरलेली मोठी विमाने तिथून उडवणे अवघड असल्यामुळे चाकण आणि हिंजवडी परिसरातला निर्यातीचा माल घाटातून मुंबईला जातो. पुण्यासाठी प्रस्तावित असलेल्या पुरंदर विमानतळाची चर्चा जमीन आणि प्रवासीसंख्या यांच्यातच अडकली आहे. जमीन देणाऱ्यांचा प्रश्न गंभीर आहेच, पण त्या विमानतळाचे समर्थन करणाऱ्यांनी तरी मालाचा हिशेब मांडायला हवा होता.

सर्वांत जास्त चुटपुट लागते ती नागपूरबद्दल. आपल्या देशातील नागरी विमानसेवा सुरू झाली तीच टपालाच्या पिशव्यांवर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्याकडे प्रवासी नव्हते, पत्रे होती. पुढे ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक डकोटा विमान निघे, मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरला जमत, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. सर्व दिशांनी सामान एका मध्यवर्ती ठिकाणी रात्री आणायचे, वर्गवारी करायची आणि उजाडायच्या आत पाठवायचे, याच पद्धतीवर फेडएक्स या अमेरिकी कुरिअर कंपनीने एप्रिल १९७३ मध्ये मेंफिस येथून १४ छोट्या विमानांनिशी आपला व्यवसाय सुरू केला. नागपूरने ते चोवीस वर्षे आधी करून दाखवले होते.

मग मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पात, मालवाहतुकीचे स्वप्न अपेक्षेप्रमाणे का उतरले नाही? नकाशावरचे मध्यवर्ती स्थान पुरेसे असते, या समजुतीवर आपण फार काळ विसंबून राहिलो, असे माझे मत आहे. आजची विमाने वाटेत न थांबता महानगरांना जोडतात, आणि जिथे परदेशी प्रवासी जास्त, तिथेच बेलीची जागा जास्त. त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये परदेशी कंपन्यांच्या अनियमित, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरच्या, फ्रेटर उड्डाणांना दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद या सहा विमानतळांपुरते मर्यादित करण्यात आले. देशी कंपन्यांना संरक्षण हा त्यामागचा हेतू समजू शकतो, परंतु नागपूरसारख्या शहराला हंगामी संत्र्यांसाठी किंवा औषधांसाठी एखादे परदेशी विमान बोलावण्याची मुभा असण्यात कोणाचे नुकसान झाले असते, हे मला आजवर उमगलेले नाही.

नवी मुंबई विमानतळाबाबत ही संधी अजून हातात आहे. पहिल्या टप्प्यातच २ कोटी प्रवाशांबरोबर वर्षाला ५ लाख टन मालाची क्षमता धरलेली आहे आणि न्हावाशेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे. ही क्षमता कागदावर राहू नये यासाठी फ्रेटरला रात्रीच्या सोयीच्या वेळा मिळाव्यात, सीमाशुल्क आणि वनस्पती संगरोध (शेतमालातील कीड-रोग तपासणाऱ्या) विभागाचे अधिकारी रविवारीही जागेवर असावेत, आणि हापूसच्या हंगामात विकिरण केंद्रापासून विमानाच्या शिडीपर्यंत पेटी कुठेही उन्हात उभी राहू नये. पनवेल-उरणच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत प्रवाशांच्या आकड्यांसोबत हे तीन प्रश्नही विचारावेत.