कसरावदच्या साधनाताईंवरही लिहा

तुम्ही छापलेला साधनाताई आमटे यांच्यावरचा स्मृतिलेख वाचताना भरून आलं. लेख आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या उभारणीपाशी थांबतो, म्हणून थोडी भर घालते.

नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या कर्मठ घरात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली इंदू, म्हणजेच साधनाताई, १९४६ साली बाबा आमटेंशी लग्न करते आणि काही वर्षांतच दोन लहानग्यांना घेऊन वरोऱ्याजवळच्या माळरानावर राहायला जाते. लोक कुष्ठरोग्याची सावलीही टाळत, असा तो काळ. सहा रुग्ण, लंगडी गाय आणि चौदा रुपये ही गोष्ट आपल्याला पाठ असते. पण त्या सगळ्यांसाठी रोज चूल कोण पेटवत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

मला जास्त थक्क करतात ती नर्मदाकाठची वर्षं. १९९० मध्ये बाबा मध्य प्रदेशातल्या कसरावद गावी राहायला गेले तेव्हा साधनाताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. मोठा मुलगा विकास आनंदवनात, धाकटा प्रकाश हेमलकशात, नातवंडं वाढत होती. सुखाने सुनानातवंडांत रमायचं वय ते! आणि या बाई पुन्हा एकदा परक्या गावात नवा संसार मांडतात. बाबांची शुश्रूषा करायची, शिवाय नर्मदा बचाव आंदोलनातली पोरं येतील त्यांचं खाणंपिणं बघायचं. याला मी बाबांना दिलेली साथ म्हणणार नाही, ते त्यांचं स्वतःचं काम होतं.

९ जुलै २०११ ला त्या गेल्या. संपादकांना विनंती, पुढच्या स्मृतिदिनी कसरावदच्या वर्षांवर सविस्तर लेख छापा. तिथे त्यांच्या हातचं जेवलेली माणसं अजून आहेत, त्यांना बोलतं करा.